अडेनियमची छाटणी गोव्याच्या हवेत: कधी, कुठे, किती

सहा वर्षांपूर्वी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मी माझं पहिलं अडेनियम छाटलं. दोन दिवस पाऊस झाला होता, हवा गार होती, आणि पावसात कापलं की सगळं फुटतं हे लहानपणापासून पाहिलेलं. जास्वंदीचा तुकडा मातीत खोचला तरी जीव धरतो, मग हे का नाही धरणार? गणपतीची चवथ आली तेव्हा त्याचा बुंधा बोटाने दाबला तर पिकल्या केळ्यासारखा आत जात होता. कापलेल्या टोकातून पाणी उतरलं होतं आणि कूज दोन महिने गुपचूप खाली सरकत होती. मी आपली समजत होते, झाड दम खातंय.

आमचं घर फोंडा तालुक्यात, मागे कुळागर, म्हणजे पोफळी-केळींची बाग. तिथे पोफळीला सावली हवी, केळीला पाटाचं पाणी हवं, मिरवेलीला ओल हवी. आमचे हात त्याच सवयीचे. अडेनियम मात्र सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं, पूर्व आफ्रिकेतलं आणि अरबस्तानातलं झाड. त्याचं नावसुद्धा एडन बंदरावरून पडलं. कुळागराचे लाड त्याला चालत नाहीत.

छाटणी कशी करायची हे कुणीही पाच मिनिटांत दाखवेल. गोव्यात खरा प्रश्न तारखेचा आहे आणि ती तारीख पावसाकडून उलटी मोजायची असते. माझी तीन झाडं गेल्यावर हे मला कळलं. तुमची जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहितेय.

१. आधी चाफा आठवा

अडेनियम हे चाफा, कण्हेर, सदाफुली आणि सातवीण यांच्याच कुळातलं. चाफा तुम्ही पाहिलेला आहे. फांदी मोडली की पांढरं दूध येतं, थंडीत पानं गळून नुसती लाकडं उरतात, आणि फुलांचा गुच्छ येतो तो फांदीच्या अगदी टोकाला. अडेनियमचंही तसंच. फूल टोकाला येतं, म्हणजे जितकी टोकं तितके गुच्छ.

न छाटलेलं झाड वरवर जातं, कारण शेंड्याची कळी खालच्या डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा उडवला की खालचे दोन-तीन डोळे, कधी चारही, जागे होतात. तीन फांद्या कापल्या तर नऊ-दहा नव्या फांद्या मिळू शकतात. शेजारणीच्या झाडाला चाळीस फुलं आणि तुमच्या झाडाला चार, याचं कारण बहुतेक वेळा खतात नसून या हिशोबात असतं.

२. तारीख ठरवा

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो दारात असतो. तोवर तीन गोष्टी झालेल्या हव्यात: जखमा पूर्ण सुकलेल्या, नव्या फांद्यांची साल जरा कडक झालेली, आणि जमलं तर एक बहर फुलून गेलेला.

आता उलटं मोजा. कापल्यापासून कोंब दिसायला दोन ते तीन आठवडे. कोंबाची फांदी होऊन टोकाला कळ्या धरायला आणखी सहा ते आठ आठवडे. म्हणजे सगळे मिळून अडीच महिने धरा. फेब्रुवारीच्या मध्याला कापलं तर एप्रिलच्या अखेरीपासून फुलं. म्हणून माझी मोठी छाटणी महाशिवरात्रीच्या आसपास असते आणि शिगम्याच्या आधी संपलेली असते.

मार्चअखेर कापलं तरी झाड फुटतं, पण बहर पावसाच्या तोंडावर येतो आणि भिजून गळतो. एप्रिलमध्ये फक्त शेंडे खुडा. १५ मेनंतर सुरी कपाटात ठेवा. वळवाची एक सर येते आणि तेवढी पुरते.

डिसेंबर-जानेवारीतही घाई नको. आपल्याकडे थंडी म्हणावी तशी नसते, तरी रात्री उतरतात आणि झाड मंदावतं. तेव्हा केलेली जखम नुसती ताटकळत राहते.

३. सामान

हे सगळं आधी एका ताटात काढून ठेवा. नाहीतर दुधाने माखलेल्या हातांनी कपाटं उघडायची वेळ येते.

- धारदार कटर किंवा नवं ब्लेड. अंगठ्याहून जाड फांदीला सिकेटर किंवा बारीक दातांची करवत.
- औषधांच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट आणि कापूस.
- रबरी हातमोजे.
- जुनी वर्तमानपत्रं, टिश्यू पेपर.
- जखमेवर लावायला बुरशीनाशक. त्याबद्दल खाली सांगते.
- खडू किंवा रंगीत दोरा, कुठे कापायचं त्या खुणेसाठी.

मोज्यांवर मी अडून बसते. या झाडाचा चीक विषारी असतो, थेट हृदयावर परिणाम करणारा. आफ्रिकेत शिकारी तो बाणांच्या टोकांना लावत. हाताला लागला तर साबणाने धुतला की झालं, पण त्याच हाताने डोळा चोळू नका. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं त्या वेळी घरात.

छाटणीच्या चार-पाच दिवस आधी पाणी बंद करा. झाड तहानलेलं असलं की चीक कमी वाहतो आणि जखम लवकर सुकते.

४. झाड बियांचं की कलमी?

ही पायरी सोडू नका. मी सोडली होती.

नर्सरीत मिळणारी दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची, गडद लाल, जांभळट किंवा पट्ट्यांची अडेनियम बहुतेक कलमी असतात. खाली बियांपासून वाढवलेला साधा बुंधा आणि वर हव्या त्या रंगाची फांदी बांधलेली. मी हौसेने गुलाबासारखं भरगच्च लाल फूल असलेलं एक झाड आणलं आणि फेब्रुवारीत मोठ्या धीराने खालून कापलं. मे महिन्यात फुलं आली ती पाच पाकळ्यांची, फिकट गुलाबी, कुठल्याही गेटवर दिसणारी. कलमाचा भाग मी वर्तमानपत्रात गुंडाळून टाकून दिला होता.

कलमाचा सांधा शोधायचा कसा? बुंध्यापासून वर जाणाऱ्या प्रत्येक फांदीवरून बोट फिरवा. कुठेतरी एक गाठ, उंचवटा किंवा इंग्रजी व्हीसारखा व्रण लागेल. कधी सांध्याच्या वर आणि खाली सालीचा रंग वेगळा असतो. सापडला की तिथे दोरा बांधा. कात्री नेहमी त्याच्या वर, निदान तीन-चार बोटं सोडून. सांध्याखालून फुटलेले कोंब दिसताक्षणी काढून टाका. ते जोमदार असतात आणि वरच्या कलमाचा घास पळवतात.

बियांपासूनचं झाड असेल तर ही काळजी नाही.

५. कापणं

सकाळी, कोरड्या उन्हाच्या दिवशी. पात्यावर स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस फिरवा, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना परत फिरवा. एका झाडाची कूज दुसऱ्याला देण्यात आपल्या सुरीचाच हात असतो.

पहिल्यांदाच छाटत असाल तर प्रत्येक फांदीचा अर्धा भाग ठेवा. दोन-तीन वर्षं हात न लावलेलं, काठीसारखं वाढलेलं झाड असेल तर बुंध्यापासून चार-पाच बोटं ठेवून बाकी सगळं काढलं तरी चालतं. माझं पाहून सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगो, झाड ठेवलंस की सरपण केलंस?" त्यांचंही चूक नाही, तसंच दिसतं ते.

क्रम असा: आधी सुकलेल्या, पोकळ झालेल्या फांद्या. मग आतल्या बाजूला वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या. मग उरलेल्यांची लांबी. सगळ्या फांद्या एकाच उंचीवर फुटपट्टी लावल्यासारख्या कापू नका. मधली जरा उंच, कडेच्या जरा ठेंगण्या, म्हणजे भरल्यावर झाड गोल दिसतं.

फांदी जवळून बघा. जुनी पानं गळाली तिथे बारीक अर्धचंद्रासारखे व्रण असतात आणि प्रत्येक व्रणाच्या डोक्यावर टाचणीच्या माथ्याएवढा डोळा. जो व्रण बाहेरच्या बाजूला तोंड करून आहे, त्याच्या वर अर्धा सेंटिमीटर जागा सोडून कापा. वरचा डोळा ज्या दिशेला, नवी फांदी त्या दिशेला. जाड, जुन्या फांदीवर डोळे दिसत नाहीत. त्याची चिंता नको, सालीतून ते बरोबर वाट काढतात.

काप किंचित तिरका असू द्या, पाणी टेकणार नाही. पातं एका दमात ओढा. बोथट कात्रीने चिरडलेलं टोक मागे सडत जातं.

कापल्यावर लगेच लावालावी करू नका. आधी बघा. निरोगी कापात सालीच्या आत गोल कडं दिसतं आणि त्यावर दुधाचे थेंब माळेसारखे फुटतात. आतला गर पांढरा, जरासा हिरवट, काकडीसारखा करकरीत. मध्ये तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसली, किंवा थेंबच आला नाही, तर तिथे कूज आहे. पातं पुन्हा स्पिरिटने पुसा आणि दोन बोटं खाली परत कापा. स्वच्छ पांढरं लागेपर्यंत. कधीकधी अख्खी फांदी जाते, जाऊ द्या. दया दाखवून ठेवलेला तपकिरी ठिपका जुलैमध्ये बुंध्यापर्यंत पोचलेला असतो.

६. जखमेवर काय लावायचं

चीक टिश्यूने टिपा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. वाहणं थांबून चिकट थर येतो, मग औषध.

बोटाएवढ्या जखमेला हळद किंवा दालचिनीची पूड पुरते. त्याहून जाड जखमेला मी तांब्याचं औषध लावते. कॉपर ऑक्सिक्लोराईड खत-औषधांच्या दुकानात मिळतं. चिमूटभर पूड थोड्या पाण्यात कालवून दह्याएवढं घट्ट करा आणि जुन्या ब्रशने लावा.

तुमच्या घरी पोफळी असतील तर आणखी एक सोय आहे. कोळेरोगासाठी, म्हणजे सुपाऱ्या सडतात त्यासाठी, पावसाआधी पोफळींवर बोर्डो मिश्रण मारतात, तेच घट्ट केलं की बोर्डो पेस्ट. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, वेगवेगळं विरघळवून मग एकत्र. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं नाही. सासऱ्यांची परीक्षा सोपी: सुरीचं पातं क्षणभर बुडवायचं, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. ज्या दिवशी केलं त्याच दिवशी वापरायचं. दोन-तीन कुंड्यांसाठी एवढा खटाटोप करू नका, पण बागेचं काम चाललंच असेल तर वाटीभर मागून घ्या.

७. पुढचे तीन आठवडे

हात बांधून बसण्याचे. नवशिक्यांची निम्मी झाडं याच दिवसांत मरतात, आणि ती मरतात मायेने.

पानं नाहीत म्हणजे झाड पाणी उडवत नाही. मूळ थंड पडलेलं असतं आणि आपण रोज सकाळी तुळशीला घालता घालता त्यालाही तांब्याभर घालतो. कापल्यानंतर आठवडाभर पाणी शून्य. पुढे कुंडी तळापर्यंत कोरडी झाली तरच, आणि तेही मातीवर, कापांवर नाही. खत अजिबात नाही.

कुंडी उन्हात ठेवा, निदान सहा तास. राजांगणात, गच्चीवर, जिथे मिळेल तिथे. पण आधी सोप्याच्या सावलीत वाढलेलं झाड एकदम मार्चच्या दुपारच्या उन्हात नेलं तर उघडी पडलेली साल भाजते. आठवडाभर सकाळचंच ऊन द्या.

बुंधा मऊ लागतोय म्हणून घाबरून पाणी घालणारे खूप. मऊपणा दोन प्रकारचा असतो. माती कोरडी आणि बुंधा सगळीकडून सारखाच, फुगा थोडा उतरल्यासारखा लागतो, तेव्हा झाड तहानलेलं असतं. माती ओली आणि बुंधा एकाच जागी गचगचीत, वर साल काळपट, तर ती कूज. दुसऱ्या प्रकारात झाड कुंडीतून काढा, सडलेला भाग पांढरं लागेपर्यंत कापा, औषध लावा आणि आठवडाभर सावलीत, हवेशीर जागी उघडंच टांगून ठेवा. अशाने माझी दोन झाडं परत आली.

८. कोंब निवडा, मग खायला घाला

तिसऱ्या आठवड्यात कापाखाली हिरवे-तांबूस टिंब उठतात. एका टोकाला चार-पाच कोंब आले तर आनंदाने सगळे ठेवू नका. बोटाच्या पेराएवढे झाले की बाहेरच्या बाजूचे दोन-तीन राखा, आत वळणारे अंगठ्याने मोडून टाका. या वयात मोडले तर जखम जवळजवळ होतच नाही.

झाड लहान असेल आणि यंदाच्या फुलांवर पाणी सोडायची तयारी असेल तर नव्या फांद्या चार-पाच इंचांच्या झाल्यावर त्यांचेही शेंडे खुडा. फांद्या दुप्पट होतात, बहर लांबतो. मोठ्या झाडाला हे करायला मला जिवावर येतं, मी करत नाही.

पानं नीट उलगडली की खत सुरू. आधी पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (हे आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे), लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. फांद्या भरल्या की ०:५२:३४, तेवढंच. माती आधी साध्या पाण्याने भिजवून घ्या. शेणखत आणि युरिया यांनी पानं लांब आणि हिरवीगार होतात, फांद्या पोकळ वाढतात, फुलं रुसतात. कुळागरातल्या सवयीने मूठभर शेण घालायचा मोह होतो, तो आवरा.

मातीबद्दल दोनच गोष्टी. आपली तांबडी माती कुंडीत एकटी वापरली तर पावसात विटेसारखी बसते. मी जाड रेती, चाळलेली चिऱ्याची बारीक खडी आणि थोडं कुजलेलं खत घेते, नारळाच्या सोडणाचा चुरा अगदी नावापुरता. आणि समुद्रावरची रेती आणू नका. फुकट मिळते हे खरं, पण ती खारी आणि बारीक असते. कुंडी बदलायची असेल तर छाटणीच्याच दिवशी ती करणारे लोक आहेत, त्यांचं चालतंही. पहिल्या वर्षी तुम्ही मात्र महिनाभराचं अंतर ठेवा. मुळांची आणि फांद्यांची जखम एकदम झाली की काय बिघडलं तेच कळत नाही.

९. पाऊस आला

मेअखेर कुंड्या आडोशाला. सोप्याची पुढची कड, बाल्कनी, पत्र्याखालची जागा, जिथे उजेड भरपूर आणि सर येत नाही. आडोसा नसेल तर कुंडी एका बाजूला विटेवर कलती करा, पाणी थांबणार नाही. खालची ताटली काढून टाका. तीत साचलेलं पाणी झाडाला जितकं वाईट तितकंच घराला, डास होतात.

पावसाच्या शेवटी एखाद्या सकाळी फांदी अर्धी बोडकी दिसेल आणि खाली मिरीएवढ्या काळ्या गोळ्या पडलेल्या असतील. तो कण्हेरीवरच्या पतंगाचा सुरवंट. जाडजूड, हिरवा, मानेवर निळे-पांढरे दोन डोळे काढल्यासारखे. ते खरे डोळे नाहीत, घाबरवायला असतात. चिमट्याने उचलून लांब सोडला की झालं, त्यासाठी फवारणी नको. पिठ्या ढेकूण मात्र नव्या कोंबांच्या बेचक्यात बसतो. त्याला स्पिरिटच्या कापसाने पुसा, पसरला असेल तर संध्याकाळी कडुनिंबाचं तेल फवारा.

दसऱ्यानंतर ऊन तापलं की दुसरी, हलकी छाटणी. पावसात काळी पडलेली टोकं आणि लांब सुटलेले शेंडे, तेवढंच. त्याची फुलं नाताळच्या पुढेमागे येतात. बुंध्यापर्यंतची कापणी पुन्हा फेब्रुवारीतच.

१०. कापलेल्या फांद्या

कंपाउंडबाहेर फेकू नका. रस्त्यावरची गुरं काहीही तोंडात घालतात. वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात द्या.

चांगल्या, पेन्सिलीहून जाड फांद्या लावायच्या असतील तर पानं काढून, सावलीत पाच-सात दिवस पडू द्या, टोक सुकून कडक झालं की कोरड्याशा रेतीत खोचा. त्या जगतात आणि मूळ झाडासारखीच फुलं देतात. पण बियांच्या झाडाचा तो गुबगुबीत बुंधा फांदीच्या झाडाला सहसा येत नाही. शेजारच्या वहिनींना मी तीन फांद्या दिल्या तेव्हा हे सांगायचं विसरले. दोन वर्षं त्या माती उकरून खाली कांदा धरला का ते बघत होत्या. तुम्ही देताना आधीच सांगा. आणि बुंधाच हवा असेल तर शेंग पिकायच्या आधी तिला दोरा गुंडाळून ठेवा. ती उकलली की बिया दोन्ही टोकांच्या कापसावर बसून उडून जातात, आणि मग शेजाऱ्यांच्या पन्हाळीत शोधाव्या लागतात.